ग्रिझेल कुरण सोडेना

मुलांनो, एक पांढरी कानटोपी डोळ्यांसमोर आणा. धुतलेल्या तागाची, डोक्याला घट्ट बसणारी, दोन्ही कान झाकणारी आणि हनुवटीखाली बंदाने बांधलेली. आणली? आता ती एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर घाला. भुवया पांढऱ्या, नाक लांब, आणि जन्मभर घोड्यावर बसून पाय थोडे फाकलेले. हे आपले सर वॉरिन, जुन्या काळच्या इंग्लंडातल्या राजाचे न्यायाधीश. राजासमोर भल्याभल्यांना टोप्या उतरवाव्या लागत, पण न्यायाधीशाच्या कानटोपीला मात्र खुद्द राजासुद्धा हात लावायला सांगत नसे. सर वॉरिन ती फक्त झोपताना काढत. त्यांची बायको अ‍ॅव्हिसबाई म्हणे, की झोपेतही ह्यांचा हात हनुवटीखाली गाठ शोधत असतो.

तर त्या दिवशी ह्या कानटोपीच्या आत सर वॉरिनांचे कान लाललाल झाले होते. ते कुणाला दिसत नाहीत म्हणून त्यांनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

दिवस होता सेंट मायकेलच्या सणाचा, सप्टेंबरच्या अखेरचा. एल्डरबी गावच्या त्यांच्या घरातल्या मोठ्या दालनात लांब टेबल मांडले होते. सफरचंदे भरून भाजलेला हंस मधोमध होता, जवाची बिअर होती, आणि सुनेने, सिबिलने, काळ्या रानबेरी भरून भाजलेली एवढी मोठी गोड पाई केली होती की ती दोघींना उचलून आणावी लागली. सगळे खुशीत होते, कारण मुलगी पेर्नेल हिचा साखरपुडा आज व्हायचा होता. नवरा मुलगा इव्हो तिच्या समोर बसून लाजत लाजत हंसाची तंगडी खात होता. आईबाप नसल्यामुळे त्याच्या वतीने बोलायला त्याचा काका ऑस्बर्ट आला होता, आणि काकाच बोलत होता.

"हंस उत्तम," ऑस्बर्ट म्हणाला. "बिअर उत्तम. मुलगी तर उत्तमच. आता ते कुरण. तीन वर्षांपूर्वी नाताळात तुम्ही ते पेर्नेलला दिलंत, असं सगळे सांगतात."

"दिलं की," सर वॉरिन म्हणाले. "ह्याच टेबलावर. लेख करून, मोहर लावून."

"छान. मग यंदा तिथलं गवत कापलं कुणी?"

"मी," थोरला मुलगा राल्फ म्हणाला. त्याच्या तोंडात घास होता. "गेल्या वर्षीही मीच. त्याच्या आदल्या वर्षीही."

"आणि न्यायमूर्ती, तुम्ही त्या नाताळात कुरणात गेला होतात का? मुलीला तिथे उभं केलंत, गवतासकट मातीचं ढेकूळ तिच्या हातात दिलंत?"

सर वॉरिनांच्या कानांना रंग चढला तो ह्या क्षणी.

आता तुम्ही विचाराल, त्यात एवढे काय? अरे, त्या लोकांत जमीन टेबलावर बसून देता येतच नसे! लेख करा, मोहर लावा, मेजवानी करा, ते सगळे शोभेचे. देणाऱ्याने त्या जमिनीवर जायचे, घेणाऱ्याला तिथे उभे करायचे, तिथल्याच मातीचे ढेकूळ आणि तिथल्याच झाडाची डहाळी त्याच्या हातात ठेवायची, आणि मग स्वतः बाहेर निघून जायचे. आपले काही मागे ठेवायचे नाही. माणूस नाही, जनावर नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिले, की झाले दान. नाही तर ते नुसते बोलणे.

आणि हे सर वॉरिनांपेक्षा कुणाला जास्त ठाऊक होते? वीस वर्षे गावोगाव न्यायालय घेऊन फिरताना, "बाबांनी मला जेवताना दिली हो ती जमीन!" म्हणून रडणाऱ्या किती मुलींना त्यांनी रिकाम्या हाताने परत पाठवले होते. आणि त्या नाताळात, भरपूर मद्य पोटात असताना, त्यांनी स्वतः तेच केले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे खोगीर कसले आणि निघून गेले, लिंकन शहरच्या लोकांना कायदा शिकवायला!

"अहो," अ‍ॅव्हिसबाई हळूच म्हणाली, "तुम्ही कुरणात गेलाच नाहीत?"

"थंडी होती," सर वॉरिन म्हणाले.

"थंडी!" पेर्नेलने सुरी खाली ठेवली. "बाबा, तीन वर्षं मी त्या कुरणाला माझं कुरण म्हणतेय. तिथल्या बदकांशीसुद्धा मी मालकिणीसारखी बोलते!"

"बदकं काही कोर्टात साक्ष देणार नाहीत, वन्सं," सिबिल पाई कापत म्हणाली. तिच्या आवाजात फार दुःख नव्हते. कुरण सासऱ्यांचेच राहिले, तर पुढे ते तिच्या नवऱ्याकडेच येणार होते.

"मग टेबलाशी तरी मुलांपैकी कुणाला साक्षीला उभं केलं होतं का?" ऑस्बर्टने विचारले. "कानाखाली वाजवून?"

हीही तिथली एक रीत. दान देताना एखाद्या लहान मुलाला शेजारी उभे करून त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यायची, म्हणजे पोर ते दान म्हातारपणीही विसरत नाही.

सगळ्यांनी राल्फच्या मुलीकडे, सात वर्षांच्या एमटकडे पाहिले. एमटची बोटे बेरींनी जांभळी झाली होती. तिने त्याच बोटांनी दोन्ही कान झाकले.

"मला कुणीही मारलेलं नाही," ती म्हणाली. "आणि कुणी मारूही नये."

"मग ऐका," ऑस्बर्टने हात पुसले. "माझा पुतण्या गरीब आहे. गुरं आहेत, पण चारा नाही. कुरण असेल तर लग्न. न्यायमूर्ती उद्या सकाळी वेस्टमिन्स्टरला निघणार, परत कधी येतील ते राजाला ठाऊक. तेव्हा आज सूर्य मावळायच्या आत रीतसर दान झालं तर ठीक, नाही तर आम्ही हंस खाल्ला, आभारी आहोत."

"मला कुरण नसलं तरी..." इव्होने तोंड उघडले.

"तू खा," काका म्हणाला. इव्हो खाऊ लागला, पण पेर्नेलकडे बघत. पेर्नेलचे डोळे भरून आले होते. ते पाहून सर वॉरिन उठले.

"चला," ते म्हणाले. "सगळे चला. पाद्रीबाबांना आणि गिरणीवाल्याला साक्षीला बोलवा. एवढंसं काम आहे. बिअर गरम व्हायच्या आत परत येऊ."

राल्फ तेवढा बसून राहिला. मग तोही उठला, पण त्याने बाक असा मागे ढकलला की टेबलाखालचे कुत्रे दचकले.

*

कुरण ओढ्याच्या काठाला होते. काठावर वाळुंजाची झाडे, त्यांच्या मुळाशी लाकडी खुंट ठोकून घातलेला बांध, आणि आत ओलसर हिरवे गवत. त्या गवतात मधोमध ग्रिझेल उभी होती.

ग्रिझेल म्हणजे सर वॉरिनांची करडी घोडी. वीस वर्षे तिने त्यांना पाठीवर घेऊन सारे इंग्लंड पायाखाली घातले होते. आता म्हातारी झाली, म्हणून तिला इथे सोडली होती. उद्याच्या प्रवासाला दुसरा घोडा होता.

"जनावर तुमचं," ऑस्बर्ट म्हणाला. "ते आत असेपर्यंत तुम्ही आत आहात."

"हे काय, आत्ता नेतो." सर वॉरिननी जाऊन तिची आयाळ धरली. "चल गं ग्रिझेल."

ग्रिझेलने त्यांच्याकडे पाहिले, कान मागे वळवले आणि पाय रोवले.

सर वॉरिननी ओढले. गिरणीवाल्याने मागून ढकलले. अ‍ॅव्हिसबाईने सफरचंद दाखवले. ते ग्रिझेलने खाल्ले, आणि जागची हलली नाही.

"दादा, तू जरा मदत कर ना!" पेर्नेल म्हणाली.

"मी कशाला?" राल्फ फाटकाला टेकून उभा होता. "घोडी बाबांची, कुरण तुझं. माझं काय आहे इथे?"

"तीन वर्षं फुकट गवत कापलंस ते विसरलास?"

"फुकट? फुकट म्हणे! ऐकलंस, सिबिल?"

"ऐकतेय," सिबिल म्हणाली. "वन्संना वाटतं गवत आपणहून पेंढ्या बांधून गोठ्यात चालत येतं."

"वहिनी, मी तुमच्याशी बोलत नाहीये!"

"पण मी बोलतेय ना!"

"अगं पोरींनो, पाद्रीबाबा उभे आहेत," अ‍ॅव्हिसबाई म्हणाली.

"उभे राहू देत!" दोघी एका सुरात म्हणाल्या, आणि दिवसभरात त्यांचे एकमत झाले ते एवढ्याच बाबतीत.

सूर्य गिरणीच्या छपरापर्यंत खाली आला होता. सर वॉरिनांना घाम फुटला. ज्यांनी भल्यामोठ्या सरदारांना एका शब्दात गप्प केले, त्यांना ही एक घोडी जुमानत नव्हती. ह्या घोडीपायी पोरीचे लग्न मोडणार, असे त्यांना वाटू लागले.

तेवढ्यात त्यांच्या अंगरख्याची बाही कुणीतरी ओढली. एमट होती. एक हात बाहीवर, दुसरा अजून कानावर.

"आजोबा, ती अशी नाही जायची."

"मग कशी जाईल, बाळ?"

"हे सगळे भांडतायत ना. भांडण चालू असलं की ती उभीच राहते. मी तिच्यावर बसते तेव्हा बघते ना मी. गिरणीपाशी बायका भांडत होत्या, तर भांडण मिटेपर्यंत तिने मला घरी आणलंच नाही. माझं जेवण थंड झालं."

सर वॉरिनांच्या डोळ्यांसमोर वीस वर्षांचे रस्ते उभे राहिले. चिखलाचे, धुळीचे, बर्फाचे. आणि दर गावाच्या वेशीवर भांडणारी दोन माणसे: "माझी मेंढी!" "माझं कुंपण!" दर वेळी त्यांनी लगाम खेचला होता. दर वेळी ग्रिझेल उभी राहिली होती, पावसात, उन्हात, कान मागे वळवून, दोघांचे सगळे बोलून होईपर्यंत. वीस वर्षांत ती एकच गोष्ट शिकली होती. ती त्यांनीच शिकवली होती.

फक्त स्वतःच्या घराच्या वेशीवर त्यांनी कधी लगाम खेचला नव्हता.

जवळच पडलेल्या वाळुंजाच्या ओंडक्यावर ते बसले. कानटोपी सारखी केली.

"राल्फ," ते म्हणाले. "इकडे ये. बोल."

"काय बोलू?"

"जे बोलायचं आहे ते. मी ऐकतोय. कुणी मध्ये बोलायचं नाही. ऑस्बर्ट, तुम्हीसुद्धा नाही."

राल्फ पुढे आला. चाळिशीला आलेला धिप्पाड माणूस, पण बापासमोर उभा राहिला आणि हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना.

"तो पूर आला ना," तो म्हणाला, "ज्या वर्षी एमट झाली, त्या वर्षी. तुम्ही यॉर्कला होतात. सगळे म्हणाले, कुरण गेलं, सोडून दे. हा बांध मी घातला, बाबा. सिबिलचे दिवस भरत आले होते आणि ती गुडघाभर पाण्यात उभी राहून मला खुंट देत होती. प्रत्येक वसंतात मी तो दुरुस्त करतो. आणि त्या नाताळात तुम्ही आलात, चार घोट प्यायलात, आणि टेबलावर बसून कुरण देऊन टाकलंत. द्या! तुमचंच आहे. पण मला एका शब्दाने विचारलं असतंत तर? मी नाही म्हटलं नसतं. अख्ख्या इंग्लंडचं ऐकून घेतलंत तुम्ही. माझं ऐकायला तुम्हाला कधी सवड झाली?"

सिबिल ओढ्याकडे बघत होती. तिने नाक पुसले, आणि वारा सुटलाय असे उगाच म्हणाली.

सर वॉरिननी खाली मान घातली. कोर्टात अशा वेळी ते चटकन एखादे लॅटिन वचन काढत. आत्ता त्यांना एकही आठवले नाही.

"नाही झाली," ते म्हणाले. "चुकलं माझं. आता विचारतो. हे कुरण पेर्नेलला देऊ का?"

राल्फने उत्तर देण्याआधीच पेर्नेल पुढे आली. "दादा, बांध तू घातलास? मला वाटलं गावाने घातला. मला का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलं?"

"बरं, मग मी सांगते ते ऐक. कुरण माझं झालं की दर वर्षी अर्धं गवत तुझं. बांध तू बघायचा. आणि वहिनींनी दर सेंट मायकेलला एक पाई पाठवायची. एवढीच मोठी."

"अर्धं?" ऑस्बर्टला राहवले नाही. "अर्धं गवत?"

"मला चालेल," इव्हो म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?"

"आज ह्या घरात हाच प्रश्न चाललाय," सिबिल म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

"थांबा," सर वॉरिननी हात वर केला. "असं नाही होत. दान नितळ हवं, त्याला अटींचं शेपूट नको. आधी कुरण पूर्ण पेर्नेलचं होईल. मग तिच्या जमिनीवर उभी राहून ती वचन देईल, दिलं तर. तोपर्यंत, राल्फ, तुझ्याकडे काहीही नसेल. नुसता बहिणीवर भरवसा."

राल्फने बहिणीकडे नीट निरखून पाहिले.

"लहानपणी हिने माझ्या नासपती चोरल्या होत्या," तो म्हणाला.

"एक!"

"टोपलीभर. माझ्यासाठी देठ तेवढे ठेवलेस." मग त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. "द्या तिला, बाबा. चांगली आहे ती. नासपतींपासून लांब ठेवली की."

पेर्नेलने त्याच्या दंडावर बुक्की मारली. राल्फ हसला, अ‍ॅव्हिसबाई हसली, पाद्रीबाबांनी उगाच छातीवर क्रूसाची खूण केली. आणि मुलांनो, तेव्हा ग्रिझेलने कान पुढे केले. मान झटकली. कुणी ओढले नाही, कुणी ढकलले नाही. निकाल लागलेल्या खटल्याकडे पाठ फिरवावी तशी ती वळली आणि टुकुटुकू चालत फाटकातून बाहेर गेली.

मग सगळे भराभर झाले. सर वॉरिननी सुरीने गवतासकट मातीचे ढेकूळ कापले, वाळुंजाची डहाळी मोडली, आणि दोन्ही पेर्नेलच्या ओंजळीत ठेवली. "हे कुरण तुझं," ते म्हणाले, आणि ओंडक्यावर राहिलेली आपली काठीसुद्धा आठवणीने उचलून फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. पेर्नेल आत एकटी उभी होती. ढेकळाची ओली माती तिच्या नव्या बाह्यांवर ओघळत होती.

"अर्धं गवत दादाचं," तिने तिथूनच ओरडून सांगितले. "ऐकलंत सगळ्यांनी? मी माझ्या जागेवरून बोलतेय!"

"ऐकलं," गिरणीवाला म्हणाला. सूर्याची कड अजून छपरावर होती.

"सगळं रीतसर झालं," ऑस्बर्ट म्हणाला. त्याचाही चेहरा खुलला होता. "फक्त ते एक राहिलं. कान."

सगळ्यांनी एमटकडे पाहिले.

"माझ्या नातीला कुणी हात लावून तर बघा," अ‍ॅव्हिसबाई म्हणाली.

"रीत आहे, बाई. उद्या आपण कुणी नसू. साक्ष द्यायला ही असेल."

एमटने दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते, तरी तिला सगळे ऐकू येत होते. ती सावकाश आजोबांसमोर येऊन उभी राहिली.

"कशाला मारतात?"

"विसरू नये म्हणून," सर वॉरिन म्हणाले.

"पण मी कुठे काय विसरले?" एमट म्हणाली. "मागच्या वेळी कुरणात जायचं कोण विसरलं?"

राल्फला हसू फुटले. ते दाबण्यासाठी त्याने मिशी चावली, पण उपयोग झाला नाही. त्याच्यामागून सिबिल हसू लागली, आणि मग पाद्रीबाबाही.

सर वॉरिन हसले नाहीत. बाजू पटली की ते जसे मान हलवत, तशी त्यांनी मान हलवली. मग हनुवटीखाली हात नेला आणि बंदाची गाठ सोडली. अ‍ॅव्हिसबाईने तोंडावर हात ठेवला. उभ्या जन्मात त्यांनी चारचौघांत ती कानटोपी उतरवली नव्हती. त्यांनी ती काढून राल्फच्या हातात दिली, गवतात गुडघे टेकले आणि डोके एका बाजूला कलते केले. त्यांचा कान बाहेर आला, ऊन न पाहिलेला, पांढराफटक, थोडा मोठाच.

"विचारलंस ते बरोबर आहे," ते म्हणाले. "मार, बाळ. जोरात."

एमटने आधी वळून ग्रिझेल फाटकाबाहेरच आहे ना ते पाहिले. जांभळा हात फ्रॉकला पुसला. मग आजोबांच्या कानाशी तोंड नेऊन, त्यांना एकट्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आणि नाताळला घरी यायचं."

आणि तिने एक सणसणीत ठेवून दिली.